साडेसातीतली साडे

फुटबॉलच्या जर्सीला कुणी इस्त्री करतं का, असं गुरुवारपासून मला जो भेटेल तो विचारतोय. बायकोने तर दोनदा विचारलं. करतात. मी करतो. रविवारी आमची घरच्या मैदानावर मॅच आहे, आणि सात गोल खाऊन आलेल्या टीमच्या माणसाने निदान चुरगळलेलं दिसू नये, एवढाच माझा हेतू होता.

सात गोलांचं लांबवण्यासारखं काही नाही. बेळगावातल्या आमच्या गल्लीतली पोरं गेल्या रविवारी चोर्ला घाट उतरून गोव्यात खेळायला गेली. एक मॅच तिकडे, एक इकडे, दोन्हींची बेरीज धरायची, अशी बोली. आमचा सेंटर हाफ जांबोटीपर्यंत गात होता, कणकुंबीला गप्प झाला आणि घाटात टेम्पो तीनदा थांबवावा लागला. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा, आमच्या पराभवाचाही तिथलाच. सात-शून्य. परतताना कुणी बोललं नाही. फक्त ड्रायव्हरने एकदा मागे वळून विचारलं, "सात म्हंजे टोटल काय एका हाफात?"

मी स्वतः खेळत नाही. माझं वय त्रेपन्न आणि उजव्या गुडघ्याचं पंचाहत्तर. मी वर्गणी गोळा करतो, हाफटाइमला लिंबं कापतो आणि रेफ्रीशी भांडतो. त्याबद्दल पोरांनी दोन वर्षांपूर्वी मला एक जर्सी दिली. रंग राखाडी. त्यालाही इतिहास आहे. पिवळा-तांबडा, म्हणजे कन्नड झेंड्याचा रंग, म्हटलं की अर्धी गल्ली उठते, भगवा म्हटलं की चौकातला पोलीस उठतो. तीन मीटिंगा झाल्यावर राखाडीवर एकमत झालं, कारण राखाडी रंगावर अजून कुणी दावा सांगितलेला नाही. पाठीवर मोठा इंग्रजी सात. वर आडवी दांडी, खाली तिरका पाय.

ही जर्सी मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे दिली आणि गुरुवारी संध्याकाळी आणायला गेलो.

"मास्तर, जरा झालंय," तो म्हणाला. (मी मास्तर नाही. सोसायटीत क्लार्क आहे. पण चष्मा आणि खिशाला पेन एवढ्यावर आमच्याकडे माणूस मास्तर होतो.)

"काय झालंय?"

"सात उठलं की."

"उठून कुठं गेलं?"

त्याने कोळशाची इस्त्री उचलून तिचा तळ मला दाखवला. माझ्या सातची आडवी दांडी तिथं चिकटून बसली होती, कडेने काळी पडून अजून बुडबुडत होती. सायकलची ट्यूब जाळल्यासारखा वास. जर्सीवर तिरका पाय तेवढा शिल्लक.

"अरे, उलटी करून इस्त्री मार म्हणून तुला बजावलं होतं की नाही?"

"उलटी घाटात झाली म्हटलासा की! मला वाटलं त्येचंच सांगूलालासा."

यावर मी काय बोलणार होतो ते बोलायचं राहून गेलं, कारण बाकावरून आवाज आला, "बेस झालं."

बाकावर सुभेदार काका बसलेले असतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून ते लान्स नाईक म्हणून रिटायर झाले, पुढची बढती गल्लीने दिली. माकडटोपी, हातात स्टीलचा पेला, पेल्यात चहा असतोच असं नाही. फुटबॉलची अख्खी मॅच त्यांनी आजवर पाहिलेली नाही. कॅम्पात शिपाई खेळायचे तेव्हा ते ड्यूटीवर असायचे म्हणे. पण त्यामुळे त्यांचं कुठं अडत नाही.

"काय बेस झालं, काका? तीनशेची जर्सी आहे."

"तुझं तीनशे ठेव बाजूला. तुमच्यावर गोल किती पडले?"

"सात."

"आणि हितं जळालं काय?"

"सात."

"मग?"

मी गप्प. इस्त्रीवाल्याने इस्त्री घोडीवर ठेवली आणि हात पुसून ऐकायला उभा राहिला. रस्त्याने जाणारा दूधवालाही थांबला. सुभेदारांनी पेला खाली ठेवला.

"साडेसाती म्हंजे किती?"

"साडेसात वर्षं."

"वर्षं सोड. आकडा सांग."

"साडेसात."

"त्यातलं सात जळालं. राहिलं काय?"

"साडे."

"साडे म्हंजे?"

"अर्धा."

"अर्धा गोल रेफ्री देतो काय?"

"नाही देत."

"मग झालं तर!" असं म्हणून त्यांनी दूधवाल्याकडे बघितलं. दूधवाल्याने मान डोलावली. त्याला कशातलं काय चाललंय हेसुद्धा ठाऊक नव्हतं, पण हिशेब बरोबर होता एवढं त्याला पटलं. आणि आता खरं सांगायचं तर, त्या क्षणी मलाही पटला. इस्त्रीवाल्यावर चढलेला माझा राग अर्ध्यात उतरला तो परत चढेना. राग यायचा तो आता येतोय, शनिवारी रात्री.

"नवस बोलला काय कोण?" सुभेदारांनी पुढचा मुद्दा काढला.

इथं माझी चूक झाली. मी त्यांना डेपोर्तिव्हो ला कोरुन्याची गोष्ट सांगितली. स्पेनची टीम. २००४ साली चॅम्पियन्स लीगमध्ये मिलानला जाऊन ४-१ ने हरली. मिलान तेव्हा युरोपचा गतविजेता. परतीची मॅच घरी. त्यांचा कोच इरुरेता म्हणाला, जिंकलो तर सांतियागोच्या देवळापर्यंत चालत जाईन. घरच्या मैदानावर ४-० ने जिंकले आणि तो खरंच चालत गेला.

"किती लांब?"

"असेल सत्तरेक किलोमीटर."

"म्हंजे हितनं सौंदत्ती. तितं पण यल्लम्माच हाय काय?"

"नाही हो. संत आहेत एक, सेंट जेम्स."

"कोण का असंना. माणूस चालला न्हवं? तुमचा ट्रेनर चालूलालाय काय?"

आमचा ट्रेनर घरापासून मैदानापर्यंतसुद्धा चालत नाही. दोन गल्ल्यांचं अंतर, तो अ‍ॅक्टिव्हावरून येतो आणि हेल्मेट डोक्यात ठेवूनच सूचना देतो. हे मी सांगितलं. सुभेदारांनी हळहळून मान हलवली आणि म्हणाले, मग त्याच्या नावानं तूच बोल, तुझा गुडघा तसा पण गेलेलाच हाय.

त्याच ला कोरुन्याने पुढच्या फेरीत, त्याच घरच्या मैदानावर, पोर्तोकडून एक-शून्य मार खाल्ला आणि बाहेर गेले. ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. बाकावर बसलेल्या माणसाला सगळंच सांगायचं नसतं.

निघताना इस्त्रीवाल्याने हात पुढे केला. "दहा."

"कशाचे दहा? अर्धा आकडा तुझ्या इस्त्रीला आहे."

"इस्त्री तर पूर्ण केली की, मास्तर. बाह्या बघा."

बाह्या खरोखर कडक होत्या. दिले.

रात्री झोप लागेना म्हणून मोबाईलवर सात गोल खाल्लेले लोक शोधत बसलो. दुःखात माणूस नातेवाईक शोधतो तसं. मँचेस्टर युनायटेड सापडलं. ५ मार्च २०२३ ला लिव्हरपूलकडे जाऊन सात-शून्य, आमच्यासारखंच, टेम्पोतून नाही गेले एवढंच. आणि चार दिवसांनी घरी रेआल बेटिसला ४-१ ने हाणलं. मी अंथरुणात उठून बसलो. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, चार-एक. ती कूस बदलून झोपली.

मग ब्राझील सापडलं आणि मी परत आडवा झालो. २०१४ चा वर्ल्ड कप. ते तर आपल्या घरातच, बेलो होरिझोंतेला, जर्मनीकडून ७-१ ने झोपले. त्यातले चार गोल सहा मिनिटांत. सहा मिनिटांत आमच्याकडे लिंबं कापून होत नाहीत. आणि लगेच पुढची तिसऱ्या क्रमांकाची मॅच, तीही आपल्याच देशात, नेदरलँड्सने तीन-शून्यने घेतली. घरचं मैदान, घरचे लोक, घरचं गाणं, सगळं असून. म्हणजे 'होम' या शब्दात जे काही औषध आहे म्हणतात, ते प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही.

आमच्या 'होम'मध्ये काय आहे? गणपतीच्या मांडवाचे खड्डे आहेत. क्रिकेटवाल्यांची पिच बरोबर सेंटर सर्कलमधून जाते. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी उजवी टचलाइन तुडवून तिची पायवाट केली आहे. पूर्वेकडचा गोलपोस्ट एका बाजूने खचलाय, त्यामुळे क्रॉसबार उतरत्या छपरासारखा दिसतो. पाऊस संपून दोन महिने झाले की तांबडी माती उडायला लागते आणि दुसऱ्या हाफात दोन्ही टीम एकाच रंगाच्या होतात. याच गोष्टीवर आमची सगळी भिस्त आहे. कुठला खड्डा कुठं आहे हे आमच्या लेफ्ट विंगरला डोळे मिटून माहीत आहे. तो खड्ड्याला वळसा घालतो, पाठीमागचा त्यात जातो. गेल्या वर्षी दोन गोल असेच झाले.

डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्याआधी पंधरा दिवस गावातले खड्डे कसे रातोरात बुजतात ते बेळगावात सगळे बघतात. या मैदानासाठी अर्ज देऊन देऊन आमची कार्बनं संपली. मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं होतं, त्यांना सांगा एखादा दिवस अधिवेशन आमच्या मैदानावर घ्या. सेक्रेटरी घाबरला. म्हणाला, खड्डे बुजले तर आपला विंगर काय करणार?

आणि आशेचं तर आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवू नये. १९५६ ला राज्यांची वाटणी झाली तेव्हापासून 'यंदा काहीतरी होतंय बघ' हे वाक्य आजोबांनी बाबांना दिलं, बाबांनी मला दिलं. घर, शेत यांच्या वाटण्या झाल्या, हे वाक्य मात्र प्रत्येकाला अख्खं मिळालं. २००४ ला महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा घातला तेव्हा माझं लग्न नवं होतं. आता मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आहे. तारीख लागते, पेपरात येतं, चहाच्या टपरीवर दोन दिवस वकिली चालते, पुढची तारीख लागते. इतकी वर्षं तारखांवर काढलेल्या माणसाला एक रविवार काय जड, असं कुणीही म्हणेल. जातो जड. गुरुवारपासून मला भात गोड लागत नाहीये. हरल्याचं दुःख मंगळवारी संपलं होतं. छान निर्विकार झालो होतो. सात गोल म्हणजे आता आठ पाहिजेत, आठ काही होत नसतात, लिंबं कापायची आणि घरी यायचं, असा माझा शांतपणे निर्णय झाला होता. तो त्या बाकावरच्या माणसाने अर्ध्या गोलाचा हिशेब मांडून मोडला. जळालेल्या रबरावरून! आणि वर दहा रुपये गेले.

आज सकाळी मी ती जर्सी घालून प्रॅक्टिसला गेलो. आडवी दांडी गेल्यामुळे पाठीवर आता सात नाही, एक आहे. जरासा वाकडा, पण एकच. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या सेंटर हाफचा धाकटा भाऊ, दुसरीतला, माझ्या मागून सायकल ढकलत येत होता. थोडा वेळ त्याने वाचलं, मग पळत पुढे आला.

"काका, एक नंबर म्हंजे गोलकीपर न्हवं?"

"हो."

"मग ते सात गोल तुमीच खाल्लासा काय?"

मैदानावर एकदम शांतता झाली. खरा गोलकीपर, पीयूसी सेकंड इयरचा, बुटाची नाडी बांधायला खाली वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. ट्रेनरने हेल्मेटची काच खाली ओढली. मी पोराला म्हटलं, बाळा, तू आधी सायकलची चेन लाव. ती लागलेलीच होती.

येताना कोपऱ्यावरून आलो नाही, मुद्दाम मागच्या बोळातून आलो. तर सुभेदार काका बोळातच उभे. म्हणाले, तुझीच वाट बघूलालतो. उद्या मॅचला येतो. खुर्ची लागेल, हात असलेली. सावलीत पाहिजे. आणि घरनं न्यायला ये, बाकावर बसून बसून पाय धरलेत.

"काका, तुम्हाला तर मॅच आवडत नाही ना?"

"मॅच कोण बघतो? अर्धा गोल रेफ्री कसा देतो ते बघायचं हाय."

साडेतीनला न्यायचंय. स्कूटरमध्ये पेट्रोल घातलं, खुर्ची शेजाऱ्यांची सांगून ठेवली. लिंबं एक डझन आणली होती, मघाशी जाऊन आणखी अर्धा डझन आणली.