मधल्या तुकड्यासाठी अख्खा कॉरिडॉर वेठीला

आज परत बासेलला, सीमेवरच्या स्विस शहरात, उतरवलं! जर्मनीतून येणारी गाडी, तिकीट झ्युरिचचं आणि जर्मनीतलं फ्रायबुर्ग सुटल्यावर अनाउन्समेंट की गाडीला उशीर झालाय, पुढे जाणार नाही, सगळ्यांनी उतरून दुसरी पकडा. शेजारच्या आजी दोन जड बॅगा घेऊन रडकुंडीला आलेल्या, कोणी विचारायला नाही.

स्विस लोकांवर माझा राग नाहीये, उशिरा आलेली जर्मन गाडी आत घेतली की त्यांचं टाईमटेबल कोलमडतं, मग ते कशाला घेतील. राग आहे तो जर्मनीवर. नेदरलँड्समधलं रॉटरडॅम ते इटलीतलं जेनोआ हा एवढा मोठा रेल्वे कॉरिडॉर, ड्युसबुर्ग, कोलोन, मानहाइम, बासेल अशी ऱ्हाईनकाठची शहरं जोडणारा, आणि ऑफेनबुर्ग ते फ्रायबुर्ग अजून दोनच ट्रॅक, त्याच्यावरच फास्ट गाड्या, लोकल आणि मालगाड्या सगळं एकामागोमाग ढकलायचं! एक अडकली की मागच्या सगळ्या अडकल्या.

कार्ल्सरुह-बासेल (ऑफेनबुर्ग-फ्रायबुर्ग त्यातच येतं) चार ट्रॅक करायचं काम १९८७ पासून चालूय. १९९६ ला स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत जर्मनीने स्विसांना तसा शब्दही दिला. त्यांनी आल्प्सच्या पोटातून ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा खोदून २०१६ ला चालू केला, डचांनी त्याआधीच २००७ ला रॉटरडॅम बंदरापासून जर्मन सीमेपर्यंत फक्त मालगाड्यांची १६० किलोमीटरची लाईन टाकली, आणि सीमा ओलांडली की जर्मनीत ओबरहाउझेनपर्यंतचा तिसरा ट्रॅक अजून बनतोच आहे. दोन्ही टोकांच्या लोकांनी पैसे ओतायचे आणि मधल्याने पन्नास वर्षं लावायची??

२०१७ चा ऑगस्ट विसरले का सगळे? याच लाईनवर राश्टाटला खाली बोगदा खोदताना वरचे रूळ खचले आणि लाईन ऑक्टोबर उजाडेपर्यंत बंद. मालगाड्यांना वळवायला धड दुसरा रस्ता नाही, कारण शेजारच्या फ्रान्समधून न्यायचं तर तिकडचे नियम वेगळे, तिकडची भाषा येणारे ड्रायव्हर पुरेसे नाहीत. पुढच्याच वर्षी ऱ्हाईनचं पाणी इतकं उतरलं की नदीकाठच्या काउब गावात मोजपट्टीवर २५ सेंटीमीटर, बार्जेस म्हणजे मालवाहू बोटी अर्ध्याही भरता येईनात. मग तो माल रेल्वेवर टाका म्हणावं तर रेल्वेत जागा कुठेय, जातो सगळा ट्रकवर, हायवेवर. आणि ऑफेनबुर्गच्या दक्षिणेचे जादा ट्रॅक म्हणे २०४० नंतर. तोपर्यंत आम्ही रोज बासेलला उतरायचं का? निदान आधी सांगा तरी, फ्रायबुर्ग सोडल्यावर काय सांगता, तिथे दुसरी गाडी पकडली असती ना आम्ही!