पैसे त्यांचे, मग माझ्या खात्यात कशाला?

दुपारपासून डोकं फिरलंय. जेवण झालं, भांडी तशीच ठेवलीयेत आणि लिहायला बसलीय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी घरखरेदीची कागदपत्रं करून देते. साडेबाराच्या सुमारास एक बाई ऑफिसात आल्या. ओळखीच्या नाहीत, खालच्या झेरॉक्सवाल्याने वर पाठवलं. एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटतात. पर्समध्ये प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चार घड्या घातलेला एक कागद. म्हणाल्या, ताई, एवढं बरोबर आहे का बघता का, सोमवारी रजिस्ट्रेशन आहे आणि एजंट दोन दिवस झाले फोन उचलत नाही.

कागद म्हणजे मुद्रांक शुल्काचं चलन. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवलं, त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घेतली. 30 लाखांचा वन बीएचके, पिंपरी-चिंचवडमध्येच, बाईंच्या एकट्यांच्या नावावर. आपल्याकडे सात टक्के, महिलेच्या नावावर घर असेल तर एक टक्का कमी, म्हणजे सहा टक्क्यांनी 1 लाख 80 हजार, वर नोंदणी फी 30 हजार, एकूण 2 लाख 10 हजार. हिशोब चोख होता. चलनावर आकडाही तोच. पण त्याच्या खाली अक्षरी रक्कम असते बघा, तिथे इंग्रजीत लिहिलेलं, पाचशे रुपये फक्त. आकडा बदलला, अक्षर बदलायचं राहून गेलं, किंवा या बाईला इंग्रजी कुठे वाचता येणारे म्हणून तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

तरी म्हटलं खात्री करू. ग्रासवर, म्हणजे सरकारी पैसे भरायच्या साइटवर जाऊन जीआरएन, म्हणजे चलनाचा नंबर टाकला. चलन खरं होतं, 500 रुपयांचं, आणि नाव भलत्याच माणसाचं.

बाई समोरच बसल्या होत्या. मी स्क्रीनकडे बघतेय आणि त्या माझ्या तोंडाकडे. मला सांगायला दोन मिनिटं लागली. त्यांनी एकच विचारलं, मग माझे पैसे सरकारकडे गेलेच नाहीत का? नाही ताई. गेलेच नाहीत.

मला त्या एजंटाचा राग आहेच, त्याचं काय करायचं ते पोलीस बघतील. पण घरी येताना रिक्षात मला जास्त राग आला तो आपल्या धंद्यातल्या सवयीचा. "पैसे माझ्या खात्यात टाका, मी भरून टाकतो." हे वाक्य आपण सगळे बोलतो. कागदपत्रं करणारे, काही वकील, ब्रोकर, सगळे. आणि क्लायंटला पण ते बरं वाटतं, डोक्याचा ताप गेला म्हणून. या एका वाक्यात सगळी घाण आहे. मी हे मोठ्या तोंडाने सांगतेय कारण हे वाक्य मी पण बोललेय आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजलीय.

2020 चा डिसेंबर आठवतोय ना? कोरोनामुळे सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिली होती, सप्टेंबरपासून 31 डिसेंबरपर्यंत तीन टक्के कमी, आणि जानेवारी ते मार्च दोन टक्के कमी. म्हणजे 31 तारखेच्या आत शुल्क भरून सह्या झाल्या की एक टक्का वाचणार, नोंदणी पुढच्या चार महिन्यांत केली तरी चालणार होती. नुसती झुंबड. माझ्याकडे सात जणांचे पैसे होते, सातही जणांचे माझ्या बचत खात्यात. त्यातले एक काका, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, 28 लाखांचा फ्लॅट. त्यांनी पैसे सगळ्यांच्या आधी दिले होते, 21 तारखेला. मी म्हटलं, बाकीच्यांचे आले की एकदम बसून भरते. बसले 31 ला संध्याकाळी. सहा चलनं झाली आणि माझ्या खात्याची त्या दिवसाची ट्रान्सफरची मर्यादा संपली. सातवं काकांचं.

रात्री बारापर्यंत मी काय काय करून बघितलं ते सांगत नाही. झालं नाही. एक टक्का म्हणजे 28 हजार.

असो. तर आजच्या बाई. तुम्ही म्हणाल, खोटं चलन कुठे टिकणारे, सब-रजिस्ट्रारकडे पकडलं जाणारच. हो, जाणारच. तिथे जीआरएन सिस्टिममध्ये बघतात आणि दस्त नोंदला की चलन डिफेस करतात, मग ते परत वापरता येत नाही. पण पकडलं कधी जाणार? सोमवारी, घर विकणारा मालक, दोन साक्षीदार, सगळे टोकन घेऊन बसलेले असताना. तोपर्यंत एजंट कुठच्या कुठे. आणि डिफेस होईपर्यंत एकच खरं चलन चार जणांना दाखवता येतं, हे किती क्लायंटना माहितीय? आणखी एक, चलनावर जे नाव छापलेलं असतं ते फॉर्ममध्ये टाइप केलेलं नाव असतं, पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याचं नाव नव्हे. लोक चलनावर स्वतःचं नाव बघतात आणि निर्धास्त होतात.

तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्याच्या वेळी कागदच खोटा होता. मुद्रांक हातात धरून उजेडात बघायचे लोक. म्हणून फ्रँकिंग, म्हणजे मशीनचा शिक्का वाढला, मग ऑनलाइन आलं, आता घरात बसून जीआरएन टाकला की एका मिनिटात कळतं खरं की खोटं. एवढी चांगली सोय, आणि आपण तिचं काय केलं, तर क्लायंटला तिच्यापासून लांब ठेवलं. त्याला वाटतं हे काहीतरी अवघड सरकारी प्रकरण आहे, आपल्याला जमणार नाही. अवघड काय आहे हो चलन भरण्यात? विभाग, जिल्हा, ऑफिस, दस्ताचा प्रकार, दोन्ही पार्टींची नावं, मिळकतीचा पत्ता, रक्कम. हे मी भरून द्यायचं, तेच माझं काम, त्याचेच मी पैसे घेते, आणि त्यात चूक झाली तर ती माझी. पण शेवटचं बटण आणि खातं त्याचं पाहिजे.

हे मी बोलले की लगेच सुरू होतं, वयस्कर लोकांकडे नेटबँकिंग नसतं. बरं, नसतं, मान्य. पण चलनाची प्रिंट काढून बँकेत जाऊन भरता येतं की. एक फेरी पडते. मी जाते सोबत, रिक्षाचे पैसे पण माझे. आणि ज्यांच्याकडे नेटबँकिंग आहे पण लिमिट कमी आहे, त्यांना चार दिवस आधी सांगायचं, लिमिट वाढवून ठेवा. एवढंच.

सुशिक्षित लोक तर आणखी पुढचे. मागच्या महिन्यात एक मुलगा, चांगला आयटीतला, फोनवर म्हणतो, मॅडम मी मीटिंगमध्ये आहे, आयडी-पासवर्ड पाठवतो, ओटीपी आला की सांगतो, तुम्हीच करून टाका ना. मी म्हटलं, तुझी मीटिंग संपू दे, मी साडेसातपर्यंत ऑफिसात आहे. त्याला राग आला. येऊ दे. साडेसातला आला, मी त्याला चलन मोठ्याने वाचून दाखवलं, सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, रक्कम अंकी, रक्कम अक्षरी. फ्लॅट नंबरमध्ये माझीच चूक निघाली, 402 चं 204 झालं होतं. त्यानेच पकडली. भरून झाल्यावर सापडली असती तर दुरुस्तीच्या आणि परताव्याच्या अर्जामागे किती फेऱ्या झाल्या असत्या ते या लाइनीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. परताव्याला ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो, हेसुद्धा निम्म्या लोकांना मुदत गेल्यावर कळतं.

काकांना मी 1 जानेवारीला सकाळी घरी जाऊन सांगितलं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. काकूंनी आधी चहा दिला, त्यामुळे आणखीच बोलता येईना. काका ओरडले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ताई, स्टॉपवर पहिला मी आलो होतो, मग गाडी माझीच कशी चुकली? मी म्हटलं, काका, मी सगळ्यांचं एकदम करायला गेले. तर म्हणाले, पण माझे पैसे माझ्याच खात्यात राहिले असते तर मी मुलाला सांगून त्याच दिवशी भरले असते.

याच्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. 28 हजार मी त्यांना चार हप्त्यांत दिले, त्यांनी घेतले, घ्यायलाच हवे होते. तेव्हापासून क्लायंटचा शुल्काचा एक रुपया माझ्या खात्यात येत नाही. यात कामं गेलीयेत माझी. "तुमच्यापेक्षा तो बरा, सगळं बघतो" म्हणून गेलेले लोक आहेत. जाऊ देत.

आजच्या बाईंना पण मी विचारलं, ताई, त्याच्या खात्यात का टाकले हो? म्हणाल्या, तोच म्हणाला, आणि मला वाटलं असंच असतं. बरोबरच आहे, कुणी दुसरं काही दाखवलंय का त्यांना? दोन लाख दहा हजारांतले सव्वा लाख भिशीचे आणि बाकीचे गळ्यातलं गहाण ठेवून. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, ते रात्रपाळीला आहेत.

घरमालकाला मी त्यांच्यासमोर फोन लावला, सोमवार पुढे ढकलायला तयार झाला, पंधरा दिवस म्हणाला. जीआरएनच्या खऱ्या पानाची प्रिंट, त्यांच्याकडचं खोटं चलन, ट्रान्सफरची पासबुकातली नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, असा सगळा सेट करून दोन प्रती काढल्या. उद्या अकराला पोलीस स्टेशनला जातोय, नवऱ्याला घेऊन या म्हटलंय. जाताना जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, ताई, ते जीआरएन कुठे टाकायचं ते मला माझ्या मोबाइलवर दाखवून ठेवा. दाखवलं. दोनदा त्यांनी स्वतः टाकून बघितलं. दोन्ही वेळा 500 च आलं.