वार्षिक नियोजन शेवटून लिहायला घ्या

जून उजाडला की शाळाशाळांत वार्षिक नियोजनाचे कागद तयार होतात. पद्धत ठरलेली आहे. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका उघडायची, पाठ मोजायचे, महिने मोजायचे आणि भागाकार करायचा. जुलैत हे तीन पाठ, ऑगस्टात ते तीन. उद्दिष्टांचा रकाना सगळ्यात शेवटी भरला जातो, तोही अध्ययन निष्पत्तींच्या, म्हणजे त्या इयत्तेअखेर मुलाला काय यायला हवं याच्या, यादीतून कोड क्रमांकासह उतरवून. मुख्याध्यापकांची सही झाली की फाईल कपाटात. याला फार तर पुस्तक संपवायचं वेळापत्रक म्हणता येईल. मुलाला मार्चमध्ये काय येणार आहे, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

दोष निष्पत्तींच्या यादीचा नाही. २०१७ मध्ये आलेली इयत्तावार यादी बऱ्यापैकी विचार करून केलेली आहे. तिसरीच्या गणिताचंच बघा. तीन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी, हातच्याची आणि बिनहातच्याची, वापरून रोजच्या व्यवहारातली साधी उदाहरणं सोडवणं, अशी एक निष्पत्ती त्यात आहे. पण हा वर्षभराचा मुक्काम झाला. तिथपर्यंतचे टप्पे शिक्षकाने पाडायचे असतात आणि नेमकं तेच काम राहून जातं. शिक्षकाच्या पाठ टाचणात मग 'विद्यार्थ्यांना वजाबाकीची संकल्पना समजते' असं वाक्य येतं. समजते म्हणजे काय, हे दोन शिक्षकांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतील.

हेच उद्दिष्ट असं लिहून बघा: 'दशकस्थानी शून्य असलेल्या तीन अंकी संख्येतून हातच्याची वजाबाकी पाचपैकी चार उदाहरणांत बरोबर करतो, आणि सोडवण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते सांगतो.' आता वाद उरला नाही. मूल ते करतं किंवा करत नाही.

उद्दिष्ट लिहिल्यावर पाठाकडे वळू नका, आधी चाचणी काढा. शिकवायच्या आधी चाचणी हे अनेकांना विचित्र वाटतं, पण अभ्यासक्रम रचण्यातली सगळ्यात कामाची पायरी हीच आहे. वरच्या उद्दिष्टासाठी ५०३ − २७८ हे उदाहरण घ्या. उत्तर २२५. मूल चुकलं तर उत्तरच सांगतं की घोटाळा कुठे आहे. ३७५ आलं, तर त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. शतक सुटं करता येतं, हेच त्याच्या गावी नाही. २३५ आलं, तर त्याने शतकाचे दहा दशक केले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर नऊच उरतात हे विसरला. ३२५ आलं, तर सुटं करणं नीट जमलं, फक्त पाचाचे चार करायचे राहिले. तीन चुका, तीन वेगळे उपाय. आपण मात्र तिन्हींवर लाल फुली मारून 'सराव कमी पडतो' असा शेरा देतो. ३२५ वाल्याला सराव उपयोगी पडेलही, ३७५ वाल्याला दिलेला सराव म्हणजे चूक पक्की करण्याची सोय.

आकडे निवडतानाही डोकं लावावं लागतं. ५००−२०० सारखं उदाहरण चाचणीत घालून काहीच कळत नाही. एक प्रश्न असाही ठेवा: ५०३−२७८=३७५ असं सोडवलेलं उदाहरण द्या आणि कुठे चुकलं ते शोधायला सांगा. पाचशेतून तीनशे गेले तर दोनशेच्या आसपास उरायला हवेत, हे ज्याला सुचतं त्याची वजाबाकी पक्की. एक शाब्दिक उदाहरण तर हवंच, तेही उलट बांधणीचं. 'राजूकडे ४५ गोट्या आहेत. त्या सीमाच्या गोट्यांपेक्षा १८ ने जास्त आहेत. सीमाकडे किती?' 'जास्त' हा शब्द दिसला की बेरीज, असं शिकवलेली मुलं इथे ६३ लिहितात. उत्तर २७ आहे.

आता मागे या. ही चाचणी जमण्यासाठी आधी काय यायला हवं? वीसच्या आतली वजाबाकी बोटांशिवाय, १५−८ विचारल्यावर दोन-तीन सेकंदांत. शंभर म्हणजे नऊ दशक आणि दहा एकक, हेही. आणि मराठी माध्यमात आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी नियोजनात तासच ठेवलेले नसतात: शंभरच्या आतली संख्यानामं. त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि मूल ३५ लिहितं. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुलं तिसरीत सापडतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' धर्तीचं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोदच जास्त झाले. मला त्यामागचा हेतू रास्त वाटतो. फसलं ते हेतू समजावून सांगण्यात. पुस्तक बदललं, पण हे कोणत्या अडचणीसाठी आहे, हे पालकांपर्यंत पुस्तकाआधी पोहोचलं नाही.

मग येतो वेळेचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास. रोज गणिताची एक तासिका धरली तर २०० तासिका. परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, प्रशिक्षणं आणि शिक्षकांच्या माथी येणारी इतर कामं वजा केली तर १५० धरणं शहाणपणाचं. त्यातल्या ३० कोऱ्या ठेवा, नियोजनात त्यांच्यापुढे काहीही लिहू नका. राहिल्या १२०. बारा घटक असतील तर प्रत्येकी दहा, असा सरळ वाटा पाडायचा मोह होतो, आणि तिथेच नियोजन बिघडतं. आकृतिबंध पाच तासिकांत होतो. हातच्याच्या वजाबाकीला वीस लागतात.

त्या वीस मी अशा लावीन. पहिल्या तीन वीसच्या आतल्या तोंडी कामाला. पुढच्या पाच काड्यांचे गठ्ठे आणि खेळण्यातल्या १००, १० व १ च्या नोटा यांच्यावर. या पाचांत वजाबाकी मांडायचीच नाही, फक्त मोड करायची आणि परत गठ्ठे बांधायचे. नंतर सहा तासिका नोटा आणि वही एकाच वेळी: नोट मोडली की लगेच वहीत तो आकडा बदलायचा. बहुतेक वर्गांत इथेच घाई होते. दोन दिवस साहित्य दाखवून तिसऱ्या दिवसापासून नुसती रीत, त्यामुळे काड्यांचा आणि कागदावरच्या हातच्याचा संबंध मुलाच्या मनात जुळतच नाही. राहिलेल्या सहांपैकी चार शाब्दिक उदाहरणांना, दोन चाचणीला आणि चुकांवर बोलायला. घटक संपल्यावर दोन महिने दर सोमवारी फळ्यावर एक वजाबाकी, पाच मिनिटं. ही पाच मिनिटं नसली तर दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून.

कोऱ्या ३० तासिका चाचणीत ३७५, २३५ आणि ३२५ लिहिणाऱ्या त्या तीन गटांसाठी. अख्ख्या वर्गाला पुन्हा तोच पाठ शिकवण्यात त्या घालवू नयेत.

वाचनाच्या बाबतीत उलटा प्रकार दिसतो. तिथे उद्दिष्ट नको तितकं मोजता येण्यासारखं झालं. लहान वर्गांतल्या पायाभूत वाचन-गणितासाठीचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द असं लक्ष्य आहे, तेही अर्थ समजून. मोबाईलवर घड्याळ लावणं सोपं, म्हणून 'अर्थ समजून' गळालं आणि मिनिट तेवढा उरला. वर उतारा पुस्तकातलाच, जो मुलाला तोंडपाठ असतो. उतारा अनोळखी घ्या, साठेक शब्दांचा. खाली चार प्रश्न ठेवा, त्यातल्या एकाचं उत्तर उताऱ्यात थेट नको, वाचून ताडावं लागेल असं हवं. मिनिटाला ५० शब्दांच्या वेगाने वाचून तीन उत्तरं देणारं मूल ८० च्या वेगाने वाचून एकही न देणाऱ्याच्या पुढे आहे.

द्विशिक्षकी शाळांत हे कसं बसवायचं, हा प्रश्न येणारच, आणि तो खरा आहे. तिसरी-चौथी एकत्र असेल तर दोन्ही वर्गांचा वजाबाकीचा घटक एकाच पंधरवड्यात आणा, पुस्तकातला क्रम मोडला तरी चालेल. ४० मिनिटांपैकी पहिली १० दोन्ही वर्गांचं तोंडी काम एकत्र. पुढची १५ तिसरी नोटांवर शिक्षकाबरोबर आणि चौथी वहीत चार अंकी उदाहरणांवर, नंतरची १५ अदलाबदल. चौथीतल्या ज्या मुलांचं ५०३−२७८ अजून ३७५ येतं, त्यांना गाजावाजा न करता तिसरीच्या नोटांपाशी बसवा.