लड्डी रॉयला चाकर म्हणू नका

आज फॅमिली ग्रुपवर कोणीतरी पहिल्या महायुद्धातल्या वैमानिक इंद्रलाल रॉयचा फोटो टाकला, खाली लगेच एका काकांचं उत्तर, "इंग्रजांच्या चाकरीत मेला, त्याचं कसलं कौतुक." डोकंच फिरलं माझं. तिथे वाद नको म्हणून गप्प बसले, पण इथे लिहिणारच.

कलकत्त्यात १८९८ ला जन्मलेला, लंडनला शाळेत शिकणारा हा मुलगा, घरात लड्डी म्हणायचे. विमानाचं वेड, आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास! तर या पठ्ठ्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांत मोठ्या डॉक्टरकडून डोळे परत तपासून घेतले आणि रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिशांच्या तेव्हाच्या हवाई दलात, शिरलाच. इथे मला माझा भाचा आठवतो. एनडीएची (सैन्यात अधिकारी होण्याची) लेखी झाली, एसएसबीची मुलाखत झाली आणि मेडिकलला डोळ्यांवरून अनफिट. माझ्या दारात उभा होता, त्या कागदाला सारख्या घड्या घालत, "आत्या, बाबांना इतक्यात सांगू नकोस, मी अपील करतोय."

डिसेंबर १९१७ मध्ये लड्डीचं विमान कोसळलं. मेला समजून शवागारात ठेवलं आणि तिथे शुद्धीवर आला असं सांगतात. परत अनफिट ठरवलं, हा अंथरुणात पडून विमानांची चित्रं काढतोय आणि मला पाठवा म्हणून मागे लागलाय. शेवटी परत लढायला गेलाच. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० विमानांवर विजय. उघड्या कॉकपिटमध्ये, पॅराशूटशिवाय, ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा देतच नव्हते ते. २२ जुलैला फ्रान्समध्ये लढतानाच गेला. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालेला पहिला भारतीय, पण पदक जाहीर झालं सप्टेंबरात. १९ वर्षांचा होता हो, वीसही पूर्ण नाहीत.

युद्ध साम्राज्याचं होतं, आपलं नव्हतं, मान्य. पण त्याची आई लोलिता रॉय १९११ ला लंडनच्या रस्त्यावर बायकांच्या मताधिकारासाठी मोर्चात चालली होती, त्या घराला चाकर म्हणायचं? त्याचाच भाचा सुब्रतो मुखर्जी पुढे स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला, त्याचं काय करायचं काका?

माझ्या भाच्याचं अपीलमध्येही झालं नाही. नंतर बरेच दिवस घरावरून विमान गेलं तरी तो वर बघायचा नाही. त्या वयात आकाश हवं असणं म्हणजे काय हे मी जवळून पाहिलंय, म्हणून इतकी चिडचिड होतेय.

आणि आपले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर, तेही वैमानिक, तेही १९१८ मध्येच फ्रान्समध्ये मरण पावले, त्यांचं तर नावही कोणी घेत नाही. त्यांच्याबद्दल जुनी कात्रणं, फोटो, काहीही कोणाकडे असेल तर प्लीज इथे टाका. मी ते फॅमिली ग्रुपवर टाकणार आहे, काकांना टॅग करून.