सॅलिसिलिक आम्ल: मात्रा आणि वेळ

लिंबूवर्गीय झाडं थंडीपासून वाचवण्याबद्दल एक लेख वाचला. झाडांवर थंडीआधी सॅलिसिलिक आम्ल (झाडाला थंडी सोसायला मदत करणारं रसायन) फवारा, एवढंच त्या लेखात आहे. मात्रा आणि वेळ नाही. नुकसान नेमकं तिथेच होतं. ०.५ मिलिमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) द्रावणासाठी १० लिटर पाण्याला सुमारे ०.७ ग्रॅम पुरतं. भुकटी थेट पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही, कण राहतात आणि नोझल तुंबतो. आधी १०-१५ मिली इथेनॉलमध्ये विरघळवा, मग ढवळत हळूहळू पाण्यात ओता. द्रावण बरंच आम्लधर्मी होतं, म्हणून सामू (pH) ६ च्या आसपास आणा. लोह किंवा तांबे असलेलं काहीही त्यात मिसळू नका. मात्रा वाढवली की पानांच्या कडा करपतात. आधी एका फांदीवर फवारून पाहा.

फवारणी थंडीच्या दोन-तीन दिवस आधी हवी, कारण झाडाला संरक्षक विकरं (एन्झाइम) तयार करायला वेळ लागतो. दव गोठल्यावर फवारून काहीच साधत नाही. आणि हिवाळ्याच्या तोंडावर नत्र देऊन कोवळी पालवी काढली असेल, तर कुठलंही रसायन ती वाचवेल असं धरू नका. जमीन मात्र ओली ठेवा, कोरड्या जमिनीपेक्षा ती दिवसाची उष्णता जास्त साठवते.