खुलासा : ताप नसला तरी न्यूमोनिया असू शकतो

‘बाळाला ताप नाही म्हणजे न्यूमोनिया नाही, ओव्याने छाती शेका, दवाखाना नको’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आणि जिवावर बेतणारा आहे. न्यूमोनिया जिवाणू-विषाणूंमुळे होतो. फुप्फुसातल्या वायुकोशांत पू, पाणी साचतं. शेकाने ते जात नाही, आणि तान्ह्या बाळाला ताप नसूही शकतो.

बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा: 2 महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे 5 वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त म्हणजे धोका. आशाताईही हेच मोजतात. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडतोय, बाळ अंगावर पीत नाही? मग सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.