बळजबरीने पिळलेले आटे

जुन्या रॅले सायकलीला दुसरे पार्ट लावायला हरकत नाही. हरकत आहे ती बळजबरीला! पुण्याच्या जुन्या बाजारात एखादी सुरेख फ्रेम दिसते, उचलून बघावी तर बीबीचे, म्हणजे पेडलचा आस जिथे बसतो त्या नळीचे, आटे सोलवटलेले. अहो, या रॅलेच्या बीबीला इंचाला २६ आटे, आणि त्यात बसणारी छर्ऱ्यांची जी साधी वाटी सर्रास मिळते तिला २४. व्यास तोच, म्हणून वाटी हाताने फेराभर जाते आणि अडते. तिथेच थांबायचं असतं! पण नाही, पान्याला पाइप लावून पिळणार. आटे कापले गेले की फ्रेमची वाट लागली. मूळ वाट्या बहुतेक वेळा ठणठणीत असतात हो! उजवीचे आटे उलटे, हे लक्षात ठेवून काढा, रॉकेलने धुवा, पाव इंचाचे नवे छर्रे एकेका बाजूला ११, भरपूर ग्रीस. झालं काम.

क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आसावर घट्ट धरणाऱ्या कॉटर पिनेचंही तेच. लागते साडेनऊ मिलिमीटरची, ठोकतात नऊची. मग क्रँक खटखटतो आणि बोल जुन्या सायकलीला.

आणि मूळ दांड्याचे ब्रेक काढून लावलेले, रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ते कॅलिपर ब्रेक! दांड्याच्या ब्रेकचं रबर रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने दाबतं. त्या रिमची कड गोलसर, कॅलिपरला टेकायला सपाट जागाच नाही. पावसात कात्रजच्या उतारावर ही सायकल थांबणार कशी? कॅलिपर हवेतच तर रिम बदला. मूळ हब ठेवणार असाल तर पुढे ३२, मागे ४० आऱ्यांची भोकं बघून घ्या. ३६ची जोडी चालत नाही. ६३५ मिलिमीटर व्यासाच्या मूळ रिमऐवजी ६२२ची घातलीत तर रबर साडेसहा मिलिमीटर आत पोचायला हवं, म्हणून कॅलिपर लांब हातांचाच घ्या.